हाळी दिल्याशिवाय आत येऊ नये

आप्पांच्या नंबरवरून सकाळी आमच्या शेळ्या-मेंढ्यांच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आलं. पाकळ्यांवर दवाचे थेंब, खाली सोनेरी अक्षरांत 'शुभ सकाळ'. मी पुण्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. ते फूल बघितलं आणि मला आप्पांची काळजी वाटायला लागली.

शुभ सकाळ म्हणणाऱ्या माणसाची कुणी काळजी करतं का, असं कुणीही म्हणेल. पण आप्पांना ओळखणाऱ्यानं हातातला चहा खाली ठेवला असता. या गृहस्थांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याला एका सूर्योदयाच्या चित्रापायी ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मेव्हणा भांडायला घरी आला, तर त्याला चहा पाजला आणि वर सांगितलं, "सकाळ शुभ हाय का न्हाई ते संध्याकाळी कळवत जा. आत्ताच कशाला घाई?" अशा माणसाच्या नंबरवरून गुलाब आला होता.

थोड्या वेळानं ग्रुपवर कुणीतरी विचारलं की शेळी खोकतेय, काय करावं. आप्पांच्या नंबरवरून उत्तर आलं. मुद्देसूद, एकाखाली एक, आणि शेवटी 'नजीकच्या पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा'. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि त्यामुळंच मी जास्त घाबरलो. कारण विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर आप्पांनी उभ्या जन्मात कधी दिलेलं नव्हतं. एक तर आप्पा फार आजारी होते आणि त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी बोलत होतं. नाहीतर मग आप्पा नव्हतेच. ही दुसरी शक्यता मी मनातसुद्धा पुरती उच्चारली नाही.

केजला मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. माझं गाव तेलगाव, नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनीनं मध्यंतरी 'घरूनच काम करा' असं सांगितलं, म्हणून आनंदानं गावी आलो, तर आमच्या घराच्या पत्र्याखाली नेट शिरायला तयार होईना. आप्पांच्या घरावरून इंटरनेटची तार गेलेली होती. एवढ्या एका गुणावर मी ती खोली घेतली. खोलीबरोबर आप्पा येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसायचं आणि कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते पुकारायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पुकारणं सुटलं नाही. आवाज असा खणखणीत की केजच्या बाजारात उभं राहून बोलले तर भाजीवाल्या दर सांगायच्या थांबत. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या पुकारण्यानं. "मागच्या नळाला पानी आलेलं हाय. माडीवरच्यांनी बादली घिऊन खाली यावं. पानी कवाबी सुटंल." स्वतः अंघोळीला जातानासुद्धा ते तशी घोषणा करून जात. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. त्यामुळं सगळ्या घोषणा मी आणि लालपरी ऐकत असू.

लालपरी म्हणजे त्यांची शेळी. रंगानं तांबडी, आणि वाटेत दिसेल त्याच्यासमोर थांबायची सवय, म्हणून हे नाव. आप्पांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. ते स्वतः शिकून नोकरीला लागले, मेंढरं भावकीत वाटली गेली, पण एखादं तरी जनावर दारात असल्याशिवाय त्यांना घर घरासारखं वाटायचं नाही.

कंपन्यांचे रेकॉर्ड केलेले फोन येतात ना, ज्यांवर आपण सगळे चिडून फोन कापतो, ते आप्पा शेवटपर्यंत ऐकत. पलीकडची बाई कर्जाची योजना सांगत असायची आणि आप्पा मधेच विचारायचे, "जेवलीस का, बाई?" मग उत्तरासाठी थांबायचे. बाई तिची योजना सांगत राहायची. फोन संपला की माझ्याकडं वळून म्हणायचे, "बग. जेवन इचारलं तर गप. मानूस असतं तर निदान 'ठिवा फोन' तरी म्हनलं असतं." हा त्यांचा रोजचा प्रयोग होता आणि रोज त्याचा तोच निकाल यायचा, तरी त्यांचा उत्साह कमी होत नसे. मी एकदा म्हणालो, "आप्पा, ते रेकॉर्डिंग आहे, कळतं ना तुम्हाला?" तर म्हणाले, "कळतंय की. पर एखांद्या दिशी चुकून खरी बाई लागली, अन आपुन जेवली का इचारलं न्हाई, तर किती वाईट दिसंल."

निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचा ग्रुप काढला. आधी भावकी, मग केज, मग धारूर, तेलगाव, दिंद्रुड असा तो पसरत गेला. कुणाला बोकड हवा असायचा, कुणाची मेंढी चुकायची, कुणाला लस कुठं मिळते ते विचारायचं असायचं. काम चांगलं चाललं होतं आणि चांगलं चाललेल्या कामाला दृष्ट लागतेच. अनोळखी नंबर शिरायला लागले. जातिवंत बोकड, खात्रीचं उत्पन्न, घरपोच सेवा. सगळ्यांची भाषा एकच, सगळ्यांना एकाच वेळी जाग यायची. एकानं टाकलेल्या फोटोतल्या बोकडाला पुढच्या बाजूला तीन पाय होते. आप्पांनी तो फोटो बोटांनी मोठा करून मला दाखवला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे पळत लई आसल."

हे सगळे नंबर यंत्रं चालवतात, माणसं नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि दोन दिवसांनी नियम काढला. ग्रुपमध्ये यायचं असेल त्यानं आधी आप्पांच्या नंबरवर आपली हाळी पाठवायची.

आमच्याकडं जनावरं राखणाऱ्या प्रत्येक घराची हाळी वेगळी असते. रानात चार कळप एकत्र पाण्यावर आले तरी ज्याच्या त्याच्या हाळीला ज्याची त्याची जनावरं वळतात. कुणी जीभ टाळूला लावून आवाज काढतं, कुणी लांबलचक 'येऽऽ' ओढतं, कुणी ओठांनी पाणी पाजल्यासारखं करतं. आप्पांची अट अशी की हाळी द्यायची आणि तिला जनावरानं ओ दिलेली ऐकू यायला पाहिजे. मग ती हाळी आप्पा ग्रुपवर ऐकवणार, लोक 'बरोबर' म्हणणार, आणि मगच माणूस आत. ग्रुपचं नावही त्यांनी बदलून 'हाळी' केलं आणि खाली लिहिलं, 'हाळी दिल्याशिवाय आत येऊ नये.'

मी म्हणालो, "आप्पा, यंत्र बकरीचाही आवाज काढतं हल्ली."

"काढू दे की. शेळी लगीच ओ देती व्हय? आधी बघती, मग चावती ते चावून घेती, मग मनात आलं तर ओरडती. तेवढा दम हाय का तुज्या मशीनला?"

माझ्याकडं जनावर नव्हतं, त्यामुळं मी ग्रुपमध्ये 'उमेदवार' म्हणून होतो. लालपरीवर प्रयत्न करायची मुभा मला होती. मी हाळी द्यायचो, ती मान वर करायची, माझ्याकडं नीट बघायची आणि परत कडब्यात तोंड घालायची.

गंमत अशी की माझी नोकरीच मुळी यंत्राला बोलायला शिकवायची होती. कंपनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारा एक मदतनीस तयार करत होती आणि त्याचं मराठी माणसासारखं वाटावं, हे माझं काम. आप्पा म्हणायचे, "तुमी चोर घडवा, आमी राखन करतो. दोगांचंबी पोट भरतंय." एकदा मी हौसेनं तो मदतनीस त्यांच्या हातात दिला. त्यांनी अर्थातच पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" पडद्यावर उत्तर उमटलं की मी एक संगणकीय सहायक असल्यामुळं जेवत नाही, आपल्याला आहाराविषयी काही माहिती हवी आहे का. आप्पा खूष झाले. "खरं बोलतंय की बे. गुनाचं हाय."

पुढं कंपनीला ते उत्तर कोरडं वाटलं. मोकळेपणा आणा, असा वरून निरोप आला. मोकळेपणा आणल्यावर मी परत आप्पांना दाखवलं. "जेवलास का?" "हो, आत्ताच जेवलो! तुम्ही जेवलात का?" आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी टाइप केलं, "काय जेवलास?" "भाकरी आणि ताजी भाजी." "कशाची?" "ताजी हिरवी भाजी." आप्पांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "आता लबाड झालं बग. आरं, घरच्या मानसानं कवा 'ताजी भाजी' सांगितलीय व्हय? म्हनंल सकाळचीच हाय, म्हनंल मीठ लई झालतं." मग बराच वेळ ते लालपरीजवळ जाऊन बसले. मला वाटलं होतं हसतील, पण त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

माणूस ओळखायची त्यांची खूणच ही होती की माणूस विचारलेल्याचं उत्तर देत नाही. बोकड केवढ्याला विचारलं तर मेव्हण्याच्या लग्नापासून सुरुवात करतो. "सरळ उत्तर आलं की समजावं, मशीन हाय," असं ते ग्रुपवर वरचेवर बजावत. आणि या हिशेबानं ते सहसा चुकायचे नाहीत. एकदा मात्र चुकता चुकता वाचले.

दुपारची वेळ होती. मी जेवून खाली पडवीत बसलो होतो. आप्पांच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मजकूर आला. 'महोदय, मौजे दिंद्रुड येथे माझी शेळी प्रसूतीच्या वेळी अडलेली आहे. तरी कृपया त्वरित मार्गदर्शन व्हावे, ही नम्र विनंती.' आप्पांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि चष्मा काढला.

"घ्या. शेळी अडलीय अन हिकडं महोदय म्हनतंय. ज्याची शेळी अडती तो बोंबलतो बे. त्याला नम्र विनंती सुचती व्हय?"

मलाही ते तसंच वाटलं. वाक्य अगदी आमच्या कंपनीत तयार झाल्यासारखं होतं. आप्पांनी लिहिलं, 'हाळी दे.' उत्तर आलं, 'महोदय, मला बोलता येत नाही.' आप्पा हसून हसून खोकायला लागले. "बग, आज पयल्यांदा मशीनच कबूल झालं, बोलता येत न्हाई म्हनून." आणि नंबर बंद करायला त्यांनी बोट उचललं.

तेवढ्यात त्या नंबरवरून आवाजाची फीत आली. आप्पांनी ती सहज दाबली. माणसाचा आवाज नव्हताच. पत्र्याच्या डब्यावर काहीतरी वाजत होतं, दोनदा सावकाश, एकदा जोरात, परत तसंच. मग जरा वेळ काही नाही. मग लांबून एक शेळी ओरडली, दुसरी ओरडली, घंटा वाजत जवळ आल्या. आणि त्या सगळ्यांच्या खाली, अगदी फोनजवळून, एका जनावराचं कण्हणं ऐकू येत होतं. आप्पांचं हसू जागच्या जागी थांबलं. फीत संपायच्या आत ते उठून उभे राहिले होते.

त्या दिवशी स्टँडवरचा आवाज परत निघाला. ग्रुपवर त्यांनी बोलून टाकलं, "दिंद्रुडच्या शिवारात शेळी अडलेली हाय. तेलगावचे डॉक्टर जिथं आसतील तिथून निगावं. कामं नंतर." तेलगावचे हे डॉक्टर म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करणारे आमचे एक सभासद. ते मोटारसायकलवरून निघाले. आप्पा पडवीत येरझाऱ्या घालत राहिले, आणि दर थोड्या वेळानं मला विचारत राहिले, "आला का काय फोन?" फोन त्यांच्याच हातात होता. अखेर डॉक्टरांचा आवाज आला, "दोन पिल्लं. एक पाठ, एक बोकड. शेळी उभी हाय. अन आप्पा, बाईला लहानपनी आजारात वाचा गेलती. ऐकू येतंय, बोलता येत न्हाई. डबा वाजवून बोलावती शेळ्याला."

तिचं सगळं बोलणं लिहूनच चालायचं. आणि लिहायचं कसं, हे तिला शाळेत अर्जलेखनाच्या तासाला शिकवलेलं. त्यामुळं घरातल्यांनाही ती 'कृपया मीठ द्यावे' असं लिहून दाखवायची म्हणे. आप्पा पहिल्या गाडीनं दिंद्रुडला गेले. तिच्या अंगणात बसले, पिल्लं मांडीवर घेतली, आणि चूक झाली म्हणून तिच्या सासऱ्यांसमोर कान धरले. परत आल्यावर नियमात एक ओळ वाढली. 'हाळी तोंडानंच द्यावी असं न्हाई. ओ आली म्हंजे झालं.' त्या दिवशी मला आप्पा जितके आवडले तितकं क्वचित कुणी आवडलं असेल.

पुढं कंपनीनं परत ऑफिसला बोलावलं आणि मी पुण्याला आलो. ग्रुपमध्ये उमेदवार म्हणून राहिलो होतोच. आप्पांच्या लांबलचक, विषय सोडून भरकटणाऱ्या आवाजी निरोपांवर माझी सकाळ व्हायची. मग ते निरोप बंद झाले. मला वाटलं, असतील कुठं लग्नाला. आणि मग एके दिवशी तो गुलाब आला.

मी फोन लावला. वाजून कापला गेला आणि लगेच मजकूर आला, 'आप्पा सध्या व्यस्त आहेत. कृपया आपला संदेश लिहा.' मी लिहिलं, 'आप्पा, हाळी द्या.' उत्तर यायला पापणी लवायचा वेळ लागला नाही. 'आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद! हाळी या विषयावर आपणास नेमकी कोणती माहिती हवी आहे?' असली वाक्यं मी रोज ऑफिसात घासूनपुसून बसवत होतो. ती आप्पांच्या नावाखाली वाचून मी फोन पालथा ठेवला.

ग्रुपमधल्या बाकीच्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. आप्पा एका रात्रीत लई सुधारले, मुद्द्याचं बोलतात, असं एक-दोघांनी लिहिलंही. ज्याला शंका आली असेल त्याचीही आप्पांनाच हाळी मागायची हिंमत झाली नसेल. फक्त दिंद्रुडच्या बाईंचा मला वेगळा निरोप आला. 'महोदय, आप्पांच्या प्रकृतीची प्रत्यक्ष चौकशी व्हावी, ही नम्र विनंती.' ऑफिसात कळवलं की घरी अडचण आहे, आणि एसटीत बसलो. त्यांच्या मुलाचा नंबर आपण कधी घेऊन ठेवला नाही, याचा राग वाटभर येत राहिला.

केजला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. घराच्या पुढच्या दाराला कुलूप होतं. अंगणात लालपरीचा खुंटा मोकळा होता, दावंसुद्धा नव्हतं. शेजारच्या घरात माणसं दिसत होती, पण विचारायचा धीर होईना, कारण विचारलं की ते सांगणार. मी तसाच फाटकाशी उभा राहिलो. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी आप्पांची हाळी दिली. 'येऽऽऽ लाल्येऽऽ.' आवाज फाटला माझा. कुणी ओ दिली नाही.

आणि मग घराच्या मागून आवाज आला. पत्र्याच्या डब्यावर. दोनदा सावकाश, एकदा जोरात. थोडं थांबून परत. आणि एक नाराज, ओळखीचं 'बेंऽऽ'.

मी बोळातून धावत मागं गेलो. लिंबाखाली बाजेवर आप्पा बसले होते. वाळले होते, गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं, एका हातात दुधाचा डबा आणि दुसऱ्यात चमचा. लालपरी पलीकडच्या कुंपणाचा पाला खात त्यांच्याकडं सावकाश येत होती. मला बघून त्यांनी चमचा खाली ठेवला, पाची बोटं जुळवली आणि तोंडाकडं नेली. जेवलास का?

मला रडू आलं. डोळे भरले वगैरे नाही, चांगला हुंदका आला. बाजेच्या पायाशी बसलो आणि त्यांचा पाय धरून रडलो. ते माझ्या पाठीवर चमच्यानं हळूहळू वाजवत राहिले.

मागच्या दारातून त्यांचा मुलगा पाणी घेऊन बाहेर आला. त्यानं सगळं सांगितलं. "घशात गाठ झालती. लातूरला नेऊन काढली. तपासायला दिलती, ती साधी निघाली, कालच कळालं. आमचा जीव भांड्यात पडला. पर आवाजाला आराम द्या, एक शब्द बोलायचा न्हाई, असं डॉक्टरनं बजावलंय. आता ह्यांना बोलू नका म्हननं म्हंजे..." आप्पांनी डब्यावर एक टोला दिला. "बगा. म्हनून पुढच्या दाराला कुलूप लावलंय, येनारा-जानारा नको. अन फोनबी मीच ठिवला. लोकांच्या हाळ्या ऐकल्या की उत्तर द्यायला तोंड उघडतेत. ग्रुप ओस पडू नये म्हनून एक ॲप लावून दिलं, आपोआप बोलतंय. लोक खूष हायत की."

पोरगा गुणाचा होता. बापासाठी रजा टाकून आला होता, आणि आपण किती छान सोय केली याचा त्याला आनंद होता. पण आप्पांच्या भुवया वर गेल्या होत्या. बोलतंय? कोण बोलतंय? त्यांनी हात पुढं केला. मुलानं नाइलाजानं फोन दिला. आप्पांनी चष्मा लावला आणि बोटानं मजकूर सरकवत गेले. खोकल्याचं मुद्देसूद उत्तर वाचलं. अजून वर गेले. गुलाबापाशी बोट थांबलं.

त्यांनी ते फूल बोटांनी मोठं करून बघितलं. मग त्यांनी अंगठा स्वतःच्या छातीला लावला आणि फाटकाकडं उडवला.

"कुणाला काढू?" मी विचारलं.

त्यांनी परत स्वतःच्या छातीवर अंगठा आपटला.

"आप्पा, आवं ते तुमी न्हाई टाकलं, ॲपनं टाकलंय," मुलगा म्हणाला. आप्पांनी त्याच्याकडं मेव्हण्याकडं बघावं तसं बघितलं. ग्रुपचा नियमच होता, ज्या नंबरवरून शुभ सकाळ येईल तो नंबर बाहेर. त्यात नंबर कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी फोनवर खटपट करून मला, एका उमेदवाराला, ग्रुपचा प्रमुख केलं आणि बोटानं दटावलं. मी काढायला गेलो, तर फोनच ऐकेना. ग्रुप ज्यानं सुरू केला, त्याला दुसऱ्या कुणाला बाहेर काढता येत नाही. मग आप्पांनी स्वतःच बटण दाबलं आणि आपण उभ्या केलेल्या ग्रुपमधून ते बाहेर पडले.

माझ्या फोनवर एकच गिल्ला झाला. 'आप्पा कशापायी गेले?' 'कोन काय बोललं का त्यांना?' 'अरे फोन करा कुनीतरी.' दिंद्रुडहून आलं, 'महोदय, खुलासा व्हावा.' मी खुलासा लिहायला लागलो, तर आप्पांनी माझा हात धरला. खुलासा नाही, हाळी. नवा माणूस जसा येतो तसं यायचं. त्यांनी मुलाला ते ॲप फोनमधून काढून टाकायला लावलं, डबा मांडीवर घेतला आणि माझा फोन जवळ धरायला लावला.

दोनदा सावकाश, एकदा जोरात. लालपरीनं मान वर करून बघितलं. तोंडात पाला होता. परत डबा वाजला. ती चावत होती ते चावत राहिली. मुलगा म्हणाला, "नका हट्ट करू, नंतर घिऊ." आप्पांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना खरोखर भीती वाटतेय. शेळीनं ओ दिली नाही तर ते खरंच बाहेरच राहिले असते. त्यांनी तिसऱ्यांदा डबा वाजवला. लालपरीनं पाला गिळला, एक पाऊल पुढं टाकलं आणि अगदी उपकार केल्यासारखी ओरडली.

मी ती फीत ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'नवा सभासद येऊ इच्छितो. हाळी ऐकून सांगा.'

आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मग एक आवाजाची फीत आली. दाबली, तर पत्र्याचा डबा वाजला, आणि घंटा, आणि एकामागून एक ओरडणाऱ्या शेळ्या, त्यांत आता मोठी झालेली ती दोन पिल्लंही असणार. पाठोपाठ दिंद्रुडहून एक ओळ आली.

'सदर सभासदास त्वरित प्रवेश देण्यात यावा.'

मग हाळ्यांचा पाऊस पडला. तेलगावहून, धारूरहून, केजच्याच मागच्या गल्लीतून. मागाहून परत आत घेतलेल्या मेव्हण्यानं तर दोनदा दिली. मी आप्पांना आत घेतलं. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत लावला, आणि माझ्याकडं बघून पुन्हा पाची बोटं तोंडाकडं नेली.

"न्हाई जेवलो, आप्पा," मी म्हणालो. "सकाळपासून काही पोटात न्हाई. गाडीत भजी घेतली, ती पण शिळी निघाली."

आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी डबा उचलला आणि मुलाकडं बघत स्वयंपाकघराच्या दिशेनं दोनदा वाजवला.